पाटीचें दान आणि खाटेचा खर्च

रुग्णालयाच्या कारभारांत पैशाची गोष्ट काढली कीं आपल्या सुशिक्षित समाजाचें तोंड कडू होतें. देवस्थानाच्या उत्पन्नाची किंवा शाळेच्या फीची चौकशी करणारा गृहस्थ जागरूक नागरिक म्हणून मिरवतो. परंतु तीच चौकशी त्यानें एखाद्या धर्मादाय रुग्णालयाविषयीं केली, तर 'अहो, जेथें माणसें वांचवितात तेथें पैपैचा हिशेब काय मागतां?' असा उलट सवाल त्यालाच ऐकावा लागतो. सवाल करणाराच्या मनांत कांहीं पाप असतें असें नाहीं. दया आणि दौलत यांची जात वेगळी, एकीच्या स्पर्शानें दुसरी विटाळते, अशी एक समजूत आपल्या अंगांत भिनलेली आहे, आणि तिलाच आपण उदात्तता मानीत आलों आहों. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, हा सोंवळेपणा गरीब रुग्णाच्या मुळावर आला आहे. ज्याला बिलाचा अर्थ कळत नाहीं त्याला तें मुकाट्यानें भरावें लागतें; आणि ज्या समाजाला रुग्णालयाचा ताळेबंद वाचतां येत नाहीं त्याला चालकांनीं सांगितलेली प्रत्येक गोष्ट, मग ती औदार्याची असो वा अडचणीची, खरी मानून चालावें लागतें.

गंमत अशी कीं, या सोंवळ्याला पूर्वसूरींचा आधार मुळींच नाहीं. ज्या बाईंच्या नांवानें आपण परिचारिकांकडून सेवेची शपथ वदवून घेतों त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें चित्र शालेय पुस्तकांनीं हातांत दिवा देऊन कायमचें ठरवून टाकलें आहे. त्यांच्या दुसऱ्या हातांत कोष्टकांचे कागद होते, हें चित्रकार विसरले. १८५९ सालीं त्यांनीं रुग्णालयांवर पुस्तक लिहिलें. १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें सर्व रुग्णालयांनीं एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत अशी त्यांची योजना मांडली गेली. आणि त्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तींत वर्गणीदारांना आपला पैसा कसा खर्च झाला, त्यानें हित झालें कीं अहित, हें कळण्यासाठीं असे तक्ते हवेत, असा त्यांचा आग्रह आहे. पुढें सर हेन्री बर्डेट या गृहस्थांनीं हेंच काम पैशाच्या बाबतींत केलें. बर्डेट यांनीं आधीं बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयाचा कारभार पाहिलेला होता आणि नंतर लंडनच्या शेअरबाजारांत नोकरी केलेली होती; म्हणजे दोन्ही सोंवळीं त्यांनीं एकदमच मोडलेलीं होतीं! लंडनचीं धर्मादाय रुग्णालयें तेव्हां वर्गण्यांवर चालत, आणि प्रत्येकाची हिशेबाची रीत निराळी असल्यामुळें अमुक ठिकाणीं एका रुग्णामागें किती खर्च होतो आणि तमुक ठिकाणीं किती, याची तुलनाच होऊं शकत नसे. बर्डेट यांनीं १८९३ सालीं एकरूप हिशेबपद्धतीचें पुस्तक प्रसिद्ध केलें. रुग्णाच्या कळवळ्यानें ज्यांचें काळीज खरोखर हललें त्यांनींच प्रथम हिशेब मागितला, हें इतिहासाचें सांगणें आहे. हिशेब नको म्हणणारांनीं आपला कळवळा त्यांच्याहून मोठा आहे असें खुशाल म्हणावें.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्या दात्यांचें पाटीवर मोठें प्रेम. इमारत, कक्ष, शस्त्रक्रियागृह, रुग्णवाहिका, निदानाचें यंत्र, यांपैकीं काय वाटेल तें मागा. आईवडिलांच्या नांवाची संगमरवरी पाटी लागणार असेल तर पैसा उभा राहतो. पण परिचारिकांचें वेतन, धोबीखान्याचा साबण, रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचा पगार, निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची दुरुस्ती, यांसाठीं कोणी दान दिल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. 'या कक्षांतील परिचारिकांचें एका वर्षाचें वेतन कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी प्रस्तुत लेखकानें अद्यापि कोठेंहि पाहिलेली नाहीं. भांडवली खर्च आणि चालू खर्च हा भेद वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जाणतो. तो न जाणणारे दाते रुग्णालयाला भेट म्हणून एक हत्ती देतात आणि त्याच्या चाऱ्याची चिंता रुग्णांवर सोपवून समाधानानें घरीं जातात. नवा कक्ष उघडला म्हणजे नव्या पाळ्या, नवीं माणसें, वाढलेली वीज, वाढलेली औषधें हीं आलींच. तीं कोठून यावयाचीं? बिलांतून. दानाची पाटी जितकी मोठी तितका खाटेचा दर चढता, हें विचित्र त्रैराशिक ज्यांना खोटें वाटत असेल त्यांनीं एखाद्या रुग्णालयाची नवी इमारत होण्यापूर्वींचें आणि नंतरचें दरपत्रक शेजारीं ठेवून पाहावें.

अट घालून दान देणें वाईट, असें मात्र येथें म्हणावयाचें नाहीं. मुंबईचें किंग एडवर्ड रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें तेव्हां त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठीं शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनीं जी देणगी दिली तिला अट होती; पण ती अट पाटीपुरती नव्हती. सरकारी नोकरींत नसलेले लायक भारतीय डॉक्टरच तेथें अध्यापक म्हणून नेमावेत, अशी ती होती. पैसा विटांवर खर्च झाला तरी दात्याची नजर त्या विटांच्या आंत उभ्या राहणाऱ्या माणसावर होती. अशी अट घालण्यास संस्थेचा कारभार समजावा लागतो. तो समजून घेण्याचे कष्ट आजचा दाता घेत नाहीं.

घसारा हा शब्द तर या क्षेत्रांत जवळजवळ शिवीसारखा झाला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक सभेंत सभासद या नात्यानें आम्हीं विचारलें कीं, देणगींत मिळालेल्या मोठ्या यंत्राच्या जागीं आठदहा वर्षांनीं नवें घ्यावें लागेल, त्यासाठीं दरसाल काय बाजूला काढतां? व्यासपीठावरील एका विद्वान सद्गृहस्थांनीं हंसून उत्तर दिलें, 'प्राध्यापकसाहेब, यंत्र फुकट मिळालें, फुकटच्या वस्तूला कसला घसारा?' सभेनें टाळ्या वाजविल्या. आतां यंत्र दान म्हणून आलें म्हणून तें झिजत नाहीं काय? बाजारांतून आणलेली गाय म्हातारी होते, तशीच गोदानांत मिळालेलीहि होते. यंत्र बंद पडेल त्या दिवशीं दुसरा दाता हात जोडून दारांत उभा असेलच असें नाहीं. नसला तर तो सारा बोजा त्या वर्षींच्या रुग्णांवर एकदम पडेल, किंवा तपासणीसाठीं त्यांना बाहेर धाडलें जाईल. या गोंधळाला आयकराच्या कायद्यानेंहि थोडा हातभार लावला आहे हें मान्य केलें पाहिजे. यंत्राची सगळी किंमत एकदां धर्मकार्याचा खर्च म्हणून दाखविली असेल, तर त्याच यंत्राचा घसारा पुन्हां खर्च म्हणून दाखवितां येत नाहीं, अशी दुरुस्ती २०१४ च्या वित्त कायद्यानें झाली. करापुरती ती रास्तच आहे. एका रुपयाला दोनदां सूट कां द्यावी? पण करनिर्धारणाचा हिशेब वेगळा आणि एका तपासणीला खरोखर किती खर्च येतो हें ठरविण्याचा हिशेब वेगळा. पहिल्यांत घसारा नाहीं म्हणून तो दुसऱ्यांतहि नाहीं, असें समजणारे चालक आपल्या खर्चाचा आंकडा स्वतःपासूनच लपवून ठेवतात.

हा दुसरा हिशेब कसा असतो तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. कारण पुढील सर्व वाद त्यावरच उभा आहे. समजा, एका यंत्राची किंमत १ कोटि २० लक्ष रुपये असून तें १० वर्षें टिकतें. वर्षाचा घसारा १२ लक्ष झाला. देखभालीचा करार ६ लक्ष. तंत्रज्ञ, वीज, जागा यांचे १२ लक्ष. एकंदर ३० लक्ष रुपये असे कीं, वर्षांत एकहि तपासणी झाली नाहीं तरी ते खर्च व्हावयाचेच. याला स्थिर खर्च म्हणतात. शिवाय प्रत्येक तपासणीला लागणारें औषध व सामान ५०० रुपयांचें. हा बदलता खर्च. वर्षाला ३,००० तपासण्या झाल्या तर एकीला १,००० अधिक ५००, म्हणजे १,५०० रुपये पडतात. १,००० च झाल्या तर ३,००० अधिक ५००, म्हणजे ३,५०० रुपये. यंत्र तेंच, तंत्रज्ञ तोच, पण खर्च दुपटीहून अधिक. आतां या रुग्णालयांत ३,००० तपासण्या होतात आणि दरपत्रकांत तपासणीचा दर ६,००० रुपये आहे असें धरूं. एका गरीब बाईला 'निम्म्या दरांत' तपासणी करून मिळाली. तिनें ३,००० रुपये दिले. वार्षिक अहवालांत 'गरिबांना दिलेली सवलत' या सदरांत ३,००० रुपये जमा झाले. वस्तुतः तिच्याकडून खर्चाच्या दुप्पट रक्कम घेण्यांत आली! तिला संपूर्ण फुकट तपासलें असतें तर अहवालांत ६,००० रुपयांचें औदार्य नोंदलें गेलें असतें, आणि रुग्णालयाचे त्या दिवशीं खरोखर अधिक गेलेले रुपये फक्त ५०० असते. सवलत म्हणजे दरांतून केलेली वजाबाकी. दान म्हणजे स्वतःच्या गांठीचें दिलेलें. या दोहोंची बेरीज एकाच रकान्यांत करणें हें आमच्या मतें असत्यकथनच होय, आणि तें सनदी लेखापालाच्या सहीखालीं होतें म्हणून सत्य ठरत नाहीं.

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांना, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक या कलमान्वयें आणि २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें मान्य केलेल्या योजनेप्रमाणें, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरांत राखून ठेवाव्या लागतात. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यांत टाकावी लागते. योजना करणारांना हिशेब चांगला कळत होता, याची साक्ष तिच्या तपशिलांतच आहे. निर्धन रुग्णाचें बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दरानें करावयाचें; औषधें व शरीरांत बसवावयाचीं साधनें रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीनें धरावयाचीं; डॉक्टरनें आपलें शुल्क सोडलें असेल तर तें बिलांत मिळवावयाचें नाहीं; आणि मग तें बिल त्या निधीच्या नांवें टाकावयाचें. खरेदीच्या किमतीचा हा आग्रह किती शहाणपणाचा होता तें पुढें २०१८ सालीं सर्वांना कळलें. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानें दिल्ली परिसरांतील चार खासगी रुग्णालयांचीं बिलें तपासलीं, तेव्हां कांहीं किरकोळ सामानावरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. तीं रुग्णालयें महाराष्ट्रांतलीं नव्हेत हें खरें. पण पिचकारी आणि हातमोजे यांवर छापील किमतीचा पडदा टाकून काय करतां येतें, याचा तो धडा होता.

तरीहि योजनेंत एक फट राहिली. सर्वांत खालच्या वर्गाचा दर हाहि शेवटीं दरच. तो खर्च नव्हे, आणि तो रुग्णालय स्वतःच ठरवितें. समजा, दोन रुग्णालयांच्या निधींत वर्षाला प्रत्येकीं २ कोटि रुपये जमतात. एका ठिकाणीं एका शस्त्रक्रियेचा खालचा दर ५०,००० रुपये. तेथें ४०० निर्धनांच्या शस्त्रक्रिया होतील. दुसऱ्या ठिकाणीं तीच शस्त्रक्रिया १ लक्ष रुपयांची. तेथें २०० चा निधि संपला. दोघांचेहि अहवाल सांगणार कीं 'निधि पूर्णपणें खर्ची पडला'. कोणी म्हणेल, दर चढले कीं बिलें चढतात आणि बिलें चढलीं कीं निधीहि चढतो. पैसे देणारे बहुसंख्य रुग्ण वरच्या वर्गांत असतील आणि चढविला फक्त खालचा दर, तर निधि चढत नाहीं, फक्त लवकर संपतो. दारावरचा कारकून मग 'यंदाचा निधि संपला' असें सांगतो, आणि रुग्णाचा भाऊ दुसऱ्या रुग्णालयाची वाट धरतो. अमुक रुपये खर्च झाले एवढ्यानें कोणाचें समाधान व्हावें? माणसें किती झालीं, आणि खऱ्या खर्चाच्या हिशेबानें किती व्हावयास हवीं होतीं, हा प्रश्न आहे.

येथें व्यवस्थापक मंडळींचें एक उत्तर तयार असतें, आणि तें फेंटाळण्यापूर्वीं नीट ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, 'आमच्या एका खाटेचा दिवसाचा खर्च ४,००० रुपये आहे. प्रत्येक निर्धन रुग्णामागें रोज तेवढें आम्हीं गमावतों.' हे ४,००० आले कोठून? १०० खाटांच्या रुग्णालयाचा वर्षाचा खर्च ७ कोटि ३० लक्ष रुपये असेल, आणि खाटा सर्व दिवस भरलेल्या असतील, तर ३६,५०० खाटदिवसांनीं भागून २,००० रुपये येतात. खाटा निम्म्याच भरल्या, आणि रुग्णालयाचा बहुतेक खर्च वेतनाचा असल्यामुळें तो फारसा उतरला नाहीं, तर हाच आंकडा ४,००० च्या घरांत जातो. म्हणजे व्यवस्थापक ज्याला गरिबाचा खर्च म्हणतात त्याचा निम्मा भाग रिकाम्या खाटांचा असतो. रिकाम्या खाटेवर एक निर्धन रुग्ण निजविला तर अधिक खर्च होतो तो त्याच्या जेवणाचा, औषधांचा, कपड्यांच्या धुण्याचा. परिचारिका त्या कक्षांत उभीच होती, दिवा जळतच होता.

पण या युक्तिवादाला भुलून उलट टोंकाला जाणारे समाजसेवकहि कमी नाहींत. 'अधिक खर्च ५०० च रुपयांचा, मग सर्वांनाच ५०० रुपयांत तपासा' असें भाषण गाजतें खरें. परंतु सर्वांनींच केवळ बदलता खर्च भरला तर त्या ३० लक्षांचें काय? तंत्रज्ञानें उपाशी राहून सेवा करावी काय? स्थिर खर्च कोणी तरी भरलाच पाहिजे: श्रीमंत रुग्णानें, दात्यानें अथवा सरकारानें. तो नेमका किती आणि त्यांतील किती वांटा कोणी उचलला, हें उघड सांगितलें तर त्यावर समाजांत वाद होऊं शकेल. आज तसा वाद होत नाहीं, कारण वादाला लागणारा आंकडाच सभासदांच्या हातीं नसतो.

अलीकडे एक नवी जात या क्षेत्रांत शिरली आहे. तिला आमच्या दात्यांप्रमाणें हिशेबाचा तिटकारा नाहीं. तिला हिशेबाखेरीज दुसरें कांहीं दिसतच नाहीं. यंत्राला वर्षाला ३,००० तपासण्या हव्यात हें तिला पाठ असतें, म्हणून महिनाअखेर कोणत्या डॉक्टरनें किती तपासण्या लिहून दिल्या याचा तक्ता भिंतीवर नसला तरी संगणकावर लागतो. स्थिर खर्चाची भूक रुग्णाच्या रक्तावर भागविण्याचा हा प्रकार. मोबदल्याची जी रीत ठरवाल तिच्या वाटेनें मोह येतोच. प्रत्येक कृतीला पैसे दिले कीं कृती वाढतात. प्रत्येक दिवसाला दिले कीं दिवस वाढतात. एका आजाराला ठोक रक्कम ठरविली कीं रुग्णाला लवकर घरीं धाडण्याची घाई होते. अमेरिकेंत येल विद्यापीठांतील फेटर आणि टॉम्सन यांनीं रुग्णांचे सारख्या खर्चाचे गट पाडण्याची पद्धति काढली, आणि १९८३ पासून तेथील सरकारानें वृद्धांच्या विमायोजनेंत त्या गटांप्रमाणें रुग्णालयांना ठोक रक्कम देण्यास आरंभ केला. रुग्णांचा मुक्काम त्यानंतर आंखूड झाला. आपल्या राज्यांतील महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनाहि ठोक रकमेच्याच तत्त्वावर आहे. ही रीत वाईट असें आम्हीं म्हणत नाहीं. पण ठोक रक्कम ठरविणारा सरकारी अधिकारी आणि ती अपुरी आहे म्हणून तक्रार करणारा रुग्णालयचालक, या दोघांजवळहि खऱ्या खर्चाचा प्रसिद्ध झालेला आंकडा नसेल, तर त्यांची घासाघीस भाजीबाजारांतल्यासारखी होते, आणि तिचा निकाल रुग्णाला वरून कांहीं रक्कम मागण्यांत लागतो.

हिशेब आणि करुणा एका घरांत नांदूं शकत नाहींत असें ज्यांना वाटतें त्यांनीं मदुराईकडे पाहावें. सरकारी सेवेंतून निवृत्त झालेल्या नेत्रवैद्य गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं तेथें ११ खाटांचें अरविंद नेत्रालय काढलें. पैसे देऊं शकणारांकडून घ्यावयाचे आणि न देणारांना फुकट अथवा नाममात्र दरांत तपासावयाचें, एवढ्यावर हें थांबलें असतें तर त्यांत नवें कांहीं नव्हतें. शल्यवैद्याचा वेळ हा सर्वांत महाग स्थिर खर्च आहे हें ओळखून त्यांनीं कामाची मांडणी अशी केली कीं, शस्त्रक्रिया करणाराचें मिनिटहि वायां जाऊं नये. शेजारशेजारच्या दोन मेजांवर एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असतां दुसऱ्याची तयारी पूर्ण व्हावी. बाकीचीं कामें तालीम दिलेल्या मुलींनीं करावीं. शस्त्रक्रिया जितक्या अधिक तितका एकीचा खर्च कमी. डोळ्यांत बसवावयाचें भिंग परदेशांतून येई तोंवर तें गरिबाच्या आवांक्याबाहेर होतें. १९९२ सालीं त्यांनीं ऑरोलॅब नांवाचा स्वतःचा कारखाना काढून तेंहि स्वस्त केलें. वर आम्हीं ज्या ३,००० तपासण्यांचें त्रैराशिक मांडलें तेंच हें. फरक इतकाच कीं, येथें तें गरजू रुग्ण शोधून आणण्यासाठीं खेड्यापाड्यांतून शिबिरें भरवून सोडविलें गेलें. अर्थात् मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आंखून, वेळ ठरवून, एकसारखी करतां येते. भाजलेल्या माणसाचें किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकाचें तसें नाहीं. तेथें मदुराईचा कित्ता गिरवा म्हणणाऱ्या व्याख्यात्यांनीं एक रात्र नवजात बालकांच्या कक्षांत काढून पाहावी.

अनामत रकमेविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण मध्यमवर्गाला रुग्णालयाचा हिशेब प्रथम भेटतो तो तेथेंच. दाखल होतांना भरलेली अनामत ही रुग्णालयाची मिळकत नव्हे. सेवा पुरी होईपर्यंत तें रुग्णालयाच्या डोक्यावरील रुग्णाचें देणें असतें, आणि ताळेबंदांत तें देण्याच्याच बाजूला बसतें. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागतां दाखल करून घ्यावें, हें वर सांगितलेल्या योजनेंतच आहे. रुग्णालयांची अडचणहि खोटी नाहीं. विमा कंपन्या आणि सरकारी योजना यांच्याकडील येणें महिनोन् महिने अडकतें. कागदावर शिल्लक दिसते आणि पगाराच्या दिवशीं तिजोरींत पैसा नसतो. परंतु कंपनीनें अडविलेले पैसे दारांतल्या म्हाताऱ्याकडून आगाऊ वसूल करणें हा त्यावरचा उपाय होऊं शकत नाहीं. मुदतीनंतरच्या येण्याचा आंकडा, कोणाकडून किती आणि किती दिवसांचा, रुग्णालयानें प्रसिद्ध करावा. लोक त्या कंपनीच्या दारांत जातील.

याला आमच्या घराघरांतून उत्तर येतें तें असें: 'हें सगळें तज्ज्ञांचें काम, आम्हां सामान्यांना काय कळणार?' म्युच्युअल फंडाचे परतावे तोंडपाठ असणारे, घराच्या कर्जाच्या व्याजाचा पाव टक्का उतरला कीं बँक बदलणारे हे सामान्य! २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं ३९.४ टक्के लोकांनीं थेट आपल्या खिशांतून केला. ज्या खर्चाचा इतका मोठा वांटा आपणच उचलतों, त्याचा अर्थ समजून घेण्यास एक संध्याकाळ खर्च करणें त्यांना जड वाटतें. राज्यांतील शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें रुग्णालयांनीं प्रमुख सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावावयाचे आहेत. तो फलक थांबून वाचणारीं किती माणसें आपण पाहिलीं आहेत?

दरफलक वाचून अर्थात् खर्च कळत नाहीं. तो कळावा कसा? विश्वस्त संस्थांनीं धर्मादाय कार्यालयांत दरसाल लेखापरीक्षित हिशेब सादर करावयाचे असतात, आणि अर्ज करून व शुल्क भरून ते नागरिकाला पाहतां येतात. पण त्यांचा नमुना पाहिला म्हणजे हंसावें कीं रडावें कळत नाहीं. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचें पत्रक. १९५१ च्या नियमांबरोबर आलेला हा नमुना देवळाला, वाचनालयाला, तालमीला आणि शेंकडों कोटि रुपयांच्या रुग्णालयाला एकच आहे. संस्थेच्या उद्देशांवरील खर्च त्यांत धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, गरिबांस मदत आणि इतर, अशा पांच ओळींत दाखवावयाचा असतो. म्हणजे परिचारिकांचीं वेतनें, प्राणवायू, हृदयांत बसवावयाच्या नळ्या, डॉक्टरांना वांटलेलें शुल्क, हें सर्व 'वैद्यकीय साहाय्य' या एका ओळींत गडप होतें. नंदादीपाच्या तेलाला जितकी जागा तितकीच अतिदक्षता विभागाला!

या नमुन्याला रुग्णालयांपुरता एक जादा तक्ता जोडावा, एवढीच आमची मागणी आहे. वर्षांतील एकूण खाटदिवस आणि त्यांतील निर्धनांचे किती. एका खाटदिवसाचा खरा खर्च, घसाऱ्यासह. निर्धन निधींतून किती माणसें बरीं झालीं, आणि त्यांच्यावरील खर्च दराप्रमाणें किती व खर्चाप्रमाणें किती. यंत्रें बदलण्यासाठीं राखलेली रक्कम. डॉक्टरांना व रुग्ण धाडणारांना दिलेल्या रकमा, मग त्या कोणत्याहि नांवानें दिलेल्या असोत. हा तक्ता एका पानांत बसतो. तो भरण्यास माणसें नाहींत, आंकडे नाहींत, अशी सबब सांगितली जाईल. ते आंकडे बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या संगणकांत आजच आहेत. विमा कंपनीशीं दर ठरवावयास बसतांना ते बाहेर काढले जातात.